दुसऱ्याच्या नावचे पत्र

दुसऱ्याच्या नावाने आलेले पत्र उघडू नये, हे मला कोणी मुद्दाम शिकविल्याचे आठवत नाही. दिवेलागणीला केर काढू नये, जेवणाऱ्याला ताटावरून उठवू नये, तसेच हेही घरात मुरलेले होते. आमचे घर दौंडचे. वडील स्टेशनावर तारबाबू होते. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. तेव्हापासून इथली पुष्कळ घरे गाड्यांच्या वेळापत्रकावर उठतात आणि निजतात. गावात कोणाचा बाप गेला, कोणाच्या मुलीला मुलगा झाला, कोणाची मुंबईतली नोकरी सुटली, हे गावाच्या आधी वडिलांना कळे. ते कडकट्ट त्यांच्या कानांतून जाई आणि तिथेच थांबे. एकदा शेजारच्या घरी रात्री तार आली. सकाळी आईने विचारले, "अहो, कसली तार होती?" वडील चहा पीत होते. म्हणाले, "ज्याची त्याला पोचली." १८८५ च्या तार कायद्यात मजकूर बाहेर फोडणाऱ्या नोकराला शिक्षा होती खरी, पण वडील शिक्षेला भिऊन गप्प बसत, असे मला कधी वाटले नाही.

अशा घरात मी वाढलो, आणि तरीही दुसऱ्याच्या नावचा मजकूर मी आयुष्यात दोनदा वाचला. या दोन वाचनांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या वेळी कागदाचा चिटोरा होता, दुसऱ्या वेळी मोबाइल. अलीकडे कोणी भेटले, की "सर, या पोरांच्या मेसेजचं काय करायचं?" असे मला हटकून विचारते. मी निवृत्त शिक्षक. तेव्हा मला उत्तर ठाऊक असणार, असा लोकांचा समज. उत्तर देण्याआधी माझा स्वतःचा जमाखर्च मांडावा, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट १९८३ ची. मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवीत असे. नववीचा वर्ग. तिसऱ्या बाकावरून दुसऱ्या बाकावर एक चिठ्ठी सरकली, ती मी पाहिली आणि उचलली. एवढ्यावर थांबलो असतो तर शिस्त झाली असती. मी ती वर्गापुढे वाचली, तीही हावभाव करून. चिठ्ठीत एका मुलीने मैत्रिणीला लिहिले होते, की तो आज सायकल घेऊन पुलाशी थांबणार आहे म्हणतो. मी जाऊ का? मला भीती वाटते. वर्ग पोट धरून हसला. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत ती बातमी तिच्या घरी पोचली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. वैशाखात तिचे लग्न झाल्याचे कळले. मुलीचे वय १८ हवे, हा कायदा १९७८ पासून होता. पण गावात तो विचारायला कोणी गेले नाही, आणि मीही गेलो नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आले, की त्या मुलीने काही वावगे केलेच नव्हते. तिने विचारले होते. घरी विचारता येत नव्हते, मला विचारता येत नव्हते, म्हणून जिला विचारता येत होते तिला कागदावर विचारले होते. 'मी जाऊ का?' या प्रश्नाला मैत्रीण काय उत्तर देणार होती, ते कोणाला कळलेच नाही. मध्येच मी उत्तर दिले.

आजच्या मुलांचे मेसेज म्हणजे त्या चिठ्ठ्याच आहेत. मात्र बाक लांबलचक झाला आहे, आणि मध्ये उभा राहणारा मास्तर नाहीसा झाला आहे. त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९८५ साली जर्मनीत हिलेब्रांट नावाच्या अभियंत्याने टाइपरायटरवर नेहमीच्या बोलण्यातली वाक्ये टाइप करून त्यांतली अक्षरे मोजली. माणसाला जे सांगायचे असते ते बहुधा १६० अक्षरांत बसते, असे त्याला आढळले. त्याने पोस्टकार्डेही तपासली. त्यांवरचा मजकूर बहुधा १५० अक्षरांच्या आतलाच निघाला. आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, तेव्हापासून 'बाकी सर्व क्षेम' एवढ्या जागेत संसार मांडण्याची सवय आपल्याला होतीच. पहिला मेसेज ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. मात्र १६० ची ती सोय रोमन अक्षरांची. देवनागरीत लिहिले तर त्याच पैशांत ७० च अक्षरे बसत. मग आमच्या मुलांनी मराठी रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली. आता अक्षरांची ती अडचण उरलेली नाही, पण सवय राहिली. दिवाळीच्या दिवशी मेसेजचे स्वस्त पॅक चालत नसत, हेही अनेकांना आठवत असेल. लोक आदल्या रात्रीच शुभेच्छा उरकून घेत.

या मेसेजनी मुलांचे वाईटच केले, असे मला म्हणवत नाही. शिरूरच्या एस. टी. स्टँडवर संध्याकाळी उभे राहावे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून कॉलेजला आलेल्या मुली गाडीची वाट पाहत असतात. गाडीत बसल्यावर एक मेसेज, फाट्यावर उतरल्यावर एक. तेवढ्यावर घरच्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. ही सोय नसती तर त्यांतल्या कित्येकींचे शिक्षण दहावीलाच थांबले असते, असे त्यांचेच आईबाप सांगतात. रांजणगावच्या कारखान्यांत रात्रपाळीला जाणारा बाप आणि सकाळी शाळेला जाणारा मुलगा यांची आठवडाभर गाठ पडत नाही. दोघांचे बोलणे चालते ते या निरोपांवर. ऊसतोडीला बीडकडून आमच्या भागात येणाऱ्या आया अक्षरशत्रू असतात, पण गावी आजीपाशी ठेवलेल्या लेकराला आवाजाचा निरोप पाठवितात, आणि लेकरू तो दहादा ऐकते. माझ्या ओळखीचा एक मुलगा जन्मापासून ऐकू न येणारा आहे. त्याच्या लहानपणी गल्लीतली मुले त्याला खेळात घेत नसत. आता त्याच मुलांच्या चेष्टामस्करीत तो सर्वांत पुढे असतो, कारण मेसेजमध्ये सगळेच बहिरे आणि सगळेच बोलके. जो मुलगा वर्गात तोंड उघडत नाही तो रात्री लिहून शंका विचारतो, हा तर आजच्या प्रत्येक शिक्षकाचा अनुभव असेल.

खर्चाची बाजूही लहान नाही. पहिला खर्च झोपेचा. पोस्टमन सकाळी येई आणि गेला की दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस मोकळा असे. हा पोस्टमन रात्री दीडलाही दार वाजवितो. दुसरा खर्च धीराचा. पत्राचे उत्तर आठ दिवस आले नाही तर पावसाला नाहीतर पोस्टाला बोल लावता येई. २०१४ पासून व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा दिसू लागल्या. वाचले आणि उत्तर दिले नाही, हे पंधराव्या वर्षी कळणे सोपे नाही. तिसरा खर्च चेहऱ्याचा. समोरच्याचे डोळे भरून आलेले दिसले, की टोमणा मारणारा वरमतो. मेसेजमध्ये ते डोळे दिसत नाहीत. वर्गातल्या चाळीस मुलांचा ग्रुप असतो, आणि एकीला वगळून एकोणचाळीसांचा दुसरा. चौथा खर्च सर्वांत मोठा. जे एकाला लिहिले ते शंभरांकडे जाते. चिठ्ठी वाचून दाखवायला १९८३ साली माझ्यासारखा एक मास्तर लागला; आज स्क्रीनशॉट काढणारा कोणताही मुलगा तो मास्तर होऊ शकतो.

हे मात्र मुलांच्याच माथी मारू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती अफवा मोबाइलवरून फिरत होती आणि ती फिरविणारी बाळे नव्हती. त्याच महिन्यात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिकांना पुढे ढकलता येऊ नये अशी मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात घातली. आमच्याच तालुक्यातल्या यवतला ऑगस्ट २०२५ मध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून तोडफोड आणि जाळपोळ झाली. मोठ्यांनी हे करावे आणि मुलांनी मोबाइल जपून वापरावा असे सांगावे, याला मुले मनातल्या मनात हसत असतील तर त्यांचे चुकते असे नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. गेल्या दिवाळीची.

माझी मुलगी शिरूरला असते. तिची मुलगी, माझी नात, पंधरा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत ती न्हावरा-चौफुल्याच्या रस्त्याने एकटी एस. टी. ने दौंडला आली. वसुबारसेच्या रात्री मुलीचा फोन आला. "नाना, ती रात्री एक-एक वाजेपर्यंत कुणाशी तरी मेसेजवर असते. विचारलं की अंगावर येते. तुमच्याकडे आहे तोवर एकदा तिचा फोन बघून घ्या."

"तिला विचारून बघतो," मी म्हणालो.

"विचारलं तर पुसून टाकील. नाना, दहावीचं वर्ष आहे. काही भलतंसलतं झालं म्हणजे?"

आईची काळजी खोटी नव्हती. मुलांना फसविणारे, धमकाविणारे लोक त्या फोनमध्येच दबा धरून असतात, हे मीही वाचलेले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे नात अभ्यंगस्नानाला गेली. फोन कॉटवर होता. तो उघडण्याची खूण माझ्यादेखत ती रोज काढी. माझ्यापासून लपवावी असे तिला कधी वाटले नव्हते. त्या विश्वासाचाच मी उपयोग केला.

रोमन अक्षरांतले मराठी मी अडखळत वाचीत गेलो. त्यात कोणी मुलगा नव्हता. तिच्या वर्गातली एक मैत्रीण होती. तिच्या मामाने स्थळ आणले होते. तुळशीचे लग्न लागले, की मुहूर्त सुरू होतात. त्यांतला एक धरला होता. मैत्रिणीला अकरावीला जायचे होते. घरचे निजल्यावर आईचा फोन घेऊन ती हे लिहीत होती, आणि माझी नात तिला धीर देत होती. १०९८ या मदतक्रमांकाची माहिती नातीने तिला लिहून पाठविली होती. माझ्याविषयीही लिहिले होते: आजोबांना तालुक्यात सगळे ओळखतात, भाऊबीजेला आई इकडे येईल तेव्हा दोघांना एकदम सांगते. त्यावर मैत्रिणीचे उत्तर होते, की मी हो म्हणेपर्यंत कोणाला सांगू नकोस.

मी वाचीत होतो तोच नात न्हाणीघरातून आली. केस ओले, अंगाला उटण्याचा वास. माझ्या हातातला फोन तिने पाहिला. ओरडली नाही.

"किती वाचलंत?"

"सगळं."

ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मी तुम्हांला सांगणारच होते, आजोबा. ती हो म्हणाली की सांगणार होते. आता ती विचारील तर काय सांगू? तुम्ही चोरून वाचलंत म्हणू, का मी सांगितलं म्हणू? कसंही म्हटलं तरी मीच खोटी पडते."

अंगणात फटाके वाजत होते. मला उत्तर सुचले नाही.

समजल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते. २००६ च्या कायद्याने बालविवाह हा गुन्हा आहे, आणि तो थांबविण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकाकडे दिलेली आहे. आम्ही १०९८ ला फोन केला. माणसे त्या घरी गेली, समजावून सांगितले, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असे आईबापांनी लिहून दिले. लग्न थांबले. मुलगी शाळेत जाते. इथवर सारे गोड. परंतु त्या घरात पहिला प्रश्न निघाला तो 'हे बाहेर नेलं कुणी?' हाच. आईचा फोन मुलीच्या हाताला लागेनासा झाला. नातीचे निरोप एकाच खुणेवर अडकून राहिले. शाळा उघडल्यावर मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. 'तुला सांगितलं होतं' एवढेच ती बोलली.

लोक म्हणतील, मग बिघडले कोठे? एका मुलीचे आयुष्य वाचले, त्यापुढे दोघींच्या रुसव्याचे काय एवढे! मीही स्वतःला पुष्कळ दिवस असेच समजावीत होतो. पण हा हिशेब पुरा नाही. मी वाचले नसते, तर भाऊबीजेला, म्हणजे दोन-तीन दिवसांनी, नातीने बहुधा तेच सांगितले असते आणि मैत्रिणीच्या संमतीने सांगितले असते. मुहूर्ताला तेव्हाही अवकाश होता. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मैत्रीण कधीच 'हो' म्हणाली नसती, असेही घडू शकले असते. तेव्हा माझ्या वाचण्याने एक लग्न थांबले, हे मी नाकारीत नाही. पण एक पंधरा वर्षांची मुलगी कोणाचे गुपित कधी आणि कोणाला सांगावे याचा आयुष्यात पहिल्यांदा गंभीरपणे विचार करीत होती, शहाण्या माणसाला शोभेल असा करीत होती, आणि तो विचार मी तिच्या हातून काढून घेतला.

या प्रश्नाची मेख मला इथेच वाटते. पौगंडातले मूल निरोप लिहिते तेव्हा ते केवळ बोलत नसते. आपले मत बनवीत असते. आमच्या तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. तिथे येण्यापूर्वी, १८८३ नंतरची काही वर्षे त्या इंग्लंडात होत्या. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली ग्रंथरूपाने निघाला. ज्यांनी आसरा दिला, ज्यांना त्या वडीलधाऱ्या मानीत, त्यांना त्यांनी पत्रांतून स्पष्ट बजावले, की माझा विवेक मी कोणाकडे गहाण ठेवणार नाही. हा बाणा वयाच्या पंचविशीत एकदम उगवत नाही. पंधराव्या वर्षी ज्याला स्वतःचा एकही कोपरा मिळाला नाही, त्याला पुढे विवेक म्हणून दाखवायला काय उरणार? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र त्याचा अर्थ लावण्याचे काम आपल्यावरच आहे.

मग मुलांना मोकाट सोडावे काय? नव्हे. दहा वर्षांच्या मुलाचा फोन आईबापांनी पाहावा, आणि पाहतो असे त्याला सांगून पाहावा. सतरा वर्षांच्या मुलाचा पाहू नये. मधली सात वर्षे हा दोर हळूहळू सैल करण्याची आहेत, आणि तो कधी किती सोडावा हे कोणत्याही ग्रामसभेला ठरविता येणार नाही. २०२२ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सारे गाव फोन आणि दूरदर्शन बाजूला ठेवते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. पण साध्या निरोपांची साधने त्या कायद्याने वगळली आहेत. या तिन्हींत मला वडगावचा भोंगा आवडतो, कारण तो बापालाही ऐकावा लागतो.

माझ्या लहानपणी ज्यांना वाचता येत नसे अशा बाया पत्र घेऊन आमच्या ओसरीवर येत, आणि वडील ते वाचून दाखवीत. त्या पत्रांत काय काय नसे! सासूचा छळ असे, कर्ज असे, मुलाचे दारू पिणे असे. वडिलांनी दुसऱ्यांची शेकडो पत्रे वाचली. पण प्रत्येक पत्र वाचा म्हणून त्यांच्या हातात दिलेले होते. ज्याला वाचा म्हणून कोणी पत्र देत नाही त्याने आपल्यात काय उणे आहे ते पाहावे. १९८३ साली वर्गातल्या एकाही मुलीने ती चिठ्ठी माझ्याकडे आणली नसती. दोष चिठ्ठीत नव्हता. म्हणून "पोरांच्या मेसेजचं काय करायचं?" असे कोणी विचारले, की मी आता उलट विचारतो, "तुमच्या पोराने तुम्हांला शेवटचं काही आपणहून कधी दाखवलं?"

यंदाही नात दिवाळीला आली आहे. फोनची खूण तिने केव्हाच बदलली. ती मला ठाऊक नाही आणि मी विचारलेली नाही. परवा रात्री ओसरीवर ती माझ्याशेजारी येऊन बसली. फोन पुढे केला आणि म्हणाली, "वाचा." त्या मैत्रिणीचा निरोप होता, वर्षभराने आलेला. भूगोलाची वही मिळेल का, एवढाच. मी चष्मा लावला, वाचला, आणि फोन परत दिला. नात तिथेच बसून उत्तर लिहू लागली. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. स्टेशनात कोणतीतरी गाडी शिरत होती.